जेन्सनचा काळा चष्मा कानशिलात मावतो का?

२०११ साली आलेल्या ‘डेउस एक्स: ह्यूमन रिव्होल्यूशन’ या व्हिडिओ गेमचा नायक अ‍ॅडम जेन्सन. त्याच्या काळ्या काचांना काडी नाही, नाकावर टेकायला काही नाही. डोळ्याच्या खोबणीच्या कडेला कातडीत बसवलेली पट्टी आहे. तिच्यातून काच सरकत येते आणि काम झालं की तिथेच परत जाते. सायबॉर्ग, म्हणजे अर्धा माणूस अर्धं यंत्र, करायचा म्हटलं की जो तो हीच काच उचलतो. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पोरांच्या ब्लेंडर (थ्रीडी मॉडेलिंगचं सॉफ्टवेअर) फाइली उघडून बघा, तेच. आणि बहुतेकांची काच आत जाताना डोक्यात कुठेतरी गडप होते. मेश, म्हणजे मॉडेलचं जाळीदार कवच, आतून पोकळ असतो, तो तक्रार करत नाही. बघणाऱ्याला मात्र खटकतं, काय खटकलं ते सांगता आलं नाही तरी.

काच कशाला, ते आधी. मूळ ‘डेउस एक्स’ आयन स्टॉर्मचा, २००० सालचा. त्यातला जे. सी. डेंटन रात्रीच्या अंधारातही काळा चष्मा लावून हिंडतो. आयडॉस मॉन्ट्रियलने अकरा वर्षांनी नवा नायक उभा केला तेव्हा मालिकेची ही खूण राहिली. पण या गेममध्ये समोरच्याला बोलण्यात नमवायचे लांबलचक प्रसंग आहेत, कॅमेरा चेहऱ्यांवर असतो, आणि काळी काच म्हणजे अर्धा अभिनय झाकला. चष्मा हाताने काढायचा तर हाताचं वेगळं अ‍ॅनिमेशन आलं, काढलेला चष्मा ठेवायचा कुठे हा प्रश्न आला. काच आपसूक सरकली की दहा-बारा फ्रेममध्ये माणूस बंद किंवा उघडा. माझ्या मते या डिझाइनचं खरं कसब हेच आहे: काच हे यंत्र कमी आणि पापणी जास्त आहे.

आता मोजमाप. सगळे आकडे मोठ्या माणसाच्या सरासरी डोक्याचे. तुमच्या मॉडेलप्रमाणे दोन-चार मिमी इकडे-तिकडे होतील. दोन बाहुल्यांमधलं अंतर ६३ मिमी, म्हणजे चेहऱ्याच्या मध्यरेषेपासून प्रत्येक बाहुली ३१.५ मिमीवर. (कुठल्याही चष्म्याच्या दुकानात ‘पीडी’ म्हणून मोजून देतात तो हाच आकडा.) काच बुबुळापासून १२ ते १४ मिमी पुढे हवी. त्याहून जवळ आणली तर वरच्या पापणीचे केस प्रत्येक उघडझापीला काचेवर घासतात. खोबणीची बाहेरची कड मात्र बुबुळाच्या साधारण १६ मिमी मागे असते. म्हणजे काच पुढे १४, तिचं घर मागे १६. या ३० मिमीच्या दरीचा विचार न करता पट्टी काढली की पुढचं सगळं फसतं.

दुसरी अट भूमितीची. कडक, वाकडी पाटी फटीतून सरकायची असेल तर तिचा बाक सगळीकडे एकसारखा हवा, म्हणजे ती एकाच गोलाचा तुकडा हवी. नाकाकडे सपाट आणि कानाकडे वळलेली काच दिसते छान, पण फटीत अडकते. पटत नसेल तर दोन लिटरच्या कोल्ड्रिंकच्या बाटलीचा मधला गुळगुळीत भाग कापा, त्याचे दोन तुकडे एकमेकांवर सरकवा. अलगद सरकतात. मग एक तुकडा लहान बाटलीचा घ्या: मध्ये पोकळी राहते आणि कडा रुततात.

तर कुठला गोल घ्यायचा? बाजारातल्या डोळ्यांभोवती वळणाऱ्या गॉगलच्या काचा बहुधा ८ बेसच्या असतात (बेस म्हणजे काचेच्या बाकाचा आकडा). ५३० ला बेसने भागलं की त्रिज्या मिळते, म्हणजे ६६ मिमी. ४५ मिमी रुंदीची काच या गोलावर बसवा, गोलाचं केंद्र मध्यरेषेपासून ११-१२ मिमीवर धरा. चेहऱ्यावर झकास दिसते. आत घ्यायला फिरवली की तिची आतली कड खोबणीच्या कडेइतकी मागे जाईपर्यंत काच मध्यरेषेपासून ६९ मिमीवर पोचलेली असते. तिथे हाडाची कड जेमतेम ५० मिमीवर आहे. थोडक्यात, काच कानशिलात शिरतच नाही. कातडीची जाडी वजा केली तरी कानशिलाच्या बाहेर दीड-पावणेदोन सेंमी हवेत उभी राहते. तिला झाकायला दोन्ही बाजूंना डबे लावावे लागतील.

मग बाक वाढवा. नाकाजवळची कड, बाहुलीसमोरचा बिंदू आणि खोबणीच्या कडेची फट या तिन्हींतून जाणारा गोल काढला तर त्रिज्या येते साधारण ३८ मिमी, केंद्र मध्यरेषेपासून १७ मिमीवर आणि बुबुळाच्या २० मिमी मागे. फट नेमकी जागेवर येते. पण ४५ मिमीची अख्खी काच या वळणाने आत ढकलली की तिची पुढची कड बुबुळापासून ५० मिमीहून जास्त मागे आणि मध्यरेषेपासून फक्त ३७ मिमीवर पोचते. तिथे कानशील संपून कवटीचं आतलं घर लागतं. सोप्या भाषेत, चष्मा काढला की काच मेंदूत.

मावते ती फक्त पानापानांची काच. ४५ मिमीचे तीन भाग, प्रत्येक पान १८ मिमीचं, म्हणजे शेजारच्यावर ३ मिमी चढलेलं. पानाची जाडी १.२ मिमी, दोन पानांमध्ये ०.३ मिमी मोकळं. तिन्ही एकावर एक आली की ४.२ मिमीची चवड होते, घराच्या भिंतींसकट ७ मिमीच्या आत. ही चवड कानशिलाच्या स्नायूच्या जाडीत बसते, हाडाला धक्का लागत नाही.

ब्लेंडरमध्ये करताना एकक मिमी ठेवा. ३८ मिमी त्रिज्येचा गोल घ्या, त्यातून ३२ मिमी उंचीचं पान कापा, सॉलिडिफायने जाडी द्या, आणि ओरिजिन (ज्याभोवती वस्तू फिरते तो बिंदू) गोलाच्या केंद्रावरच राहू द्या. ‘ओरिजिन टू जॉमेट्री’ केलंत तर पान स्वतःभोवती फिरेल. दुसरं आणि तिसरं पान पहिल्याची नक्कल काढून बाजूला सरकवायचं नाही, नाहीतर ती एकमेकांत घुसतात. केंद्र एकच, त्रिज्या वेगळ्या: सर्वांत आतलं ३८, मग ३९.५, मग ४१. आतलं पान डोळ्याकडे आणखी सरकवायचं नाही, पापणीच्या केसांची जागा तेवढीच आहे. नाकाकडचं पान ९२ अंश फिरतं, मधलं ६९, कानाकडचं ४६. नाकाकडचं आधी निघतं, मधल्याच्या कडेला पोचलं की त्याला सोबत घेतं, मग तिसऱ्याला. तिन्ही एकदम निघाली की यंत्र खोटं वाटतं. ३० फ्रेमच्या वेगाने सगळा प्रवास ११-१२ फ्रेममध्ये उरकावा. शेवटच्या दोन फ्रेमना वेग कमी, आणि थांबताना उसळी अजिबात नको. हे खेळणं नाही, हाडावर आपटणारा धातू आहे.

गुंडाळणाऱ्या फिल्मचा पर्याय कोणीतरी सुचवेलच. ०.१ मिमी जाडीची ४५ मिमी लांब फिल्म ३ मिमीच्या दांडीवर गुंडाळली तर सगळी गुंडाळी ४ मिमीच्याही आत बसते, हे खरं. पण फिल्म एकाच दिशेला वाकते, गोलाचा बाक घेत नाही, आणि वर-खाली रूळ दिल्याशिवाय ताठ राहत नाही. ऊन अडवायला चालेल. छर्रे अडवायला नाही.

घर कुठे रोवायचं? कानशिलावर बोट ठेवून दात आवळा. हलला तो चावण्याचा स्नायू. काचेचं घर त्याच्या शेजारी बसणार, म्हणून ते सगळ्या बाजूंनी बंद हवं. उघडी फट ठेवली तर जेवताना पान दाबलं जाऊन अडकेल. फटीच्या तोंडाला सिलिकॉनचे दोन ओठ द्या, पान बाहेर पडताना पुसलं जाईल. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत लेथवरचा कीस आणि उन्हाळ्यातली तांबडी धूळ डोळ्यासमोर आणा, हे ओठ किती महत्त्वाचे ते लगेच कळेल.

धरून ठेवायला टायटॅनियमचे स्क्रू. डोळा गमावलेल्यांना कृत्रिम डोळा-पापणीचा भाग बसवताना खोबणीच्या कडेत ३-४ मिमी लांबीचे असे स्क्रू खरोखर घालतात. हाड त्यांना धरायला काही महिने घेतं. बाहेरची वरची कड आणि बाहेरची खालची कड, या दोन जागा भरवशाच्या. भुवईच्या आतल्या टोकाकडे कपाळाची पोकळी आहे आणि कपाळाला संवेदना देणारी नस तिथूनच वर येते. खालच्या कडेखाली जवळपास एक सेंमीवर गालाची नस. गालाच्या हाडाच्या कमानीवरून भुवई उचलणाऱ्या नसेची फांदी जाते. पट्टी तिथे आडवी टाकली तर त्या बाजूची भुवई कायमची पडेल. तसं मुद्दाम दाखवायचं असेल तर जरूर दाखवा, एका भुवईचा नायक लक्षात राहतो.

कातडीतून बाहेर येणाऱ्या धातूभोवती कायम लालसर कड राहते, मधूनमधून खपली धरते. टेक्स्चरमध्ये (मॉडेलवर चढवायच्या चित्रात) ती हवीच. पट्टी भुवईच्या केसांत घुसवू नका, केस म्हणजे जंतुसंसर्गाला आमंत्रण. आणि हसल्यावर डोळ्याच्या कोपऱ्यात सुरकुत्या पडतात त्या भागावरून पट्टी नेलीत तर रिगमध्ये (मॉडेल हलवणाऱ्या बोनच्या सांगाड्यात) धातू रबरासारखा ताणला जातो. यावर उपाय: पट्टी वेगळा ऑब्जेक्ट, डोक्याच्या बोनला पूर्ण वजनाने बांधलेली, भोवतीच्या कातडीला दोन जवळजवळचे एज लूप (मेशच्या कडांची कडी), चेहऱ्याच्या शेप कीजना (हसण्या-बोलण्याच्या साठवलेल्या आकारांना) तिथे व्हर्टेक्स ग्रुपचा, म्हणजे निवडक बिंदूंच्या गटाचा, मास्क. कातडी पट्टीपाशी येऊन थांबली पाहिजे.

बारकावे किती काढायचे ते कॅमेऱ्यावर ठरवा. १०८० ओळींच्या पडद्यावर २४० मिमीचं डोकं भरून दाखवलं तर मिमीला साडेचार पिक्सेल मिळतात. अर्ध्या मिमीची सांध दोन पिक्सेल, नीट दिसते. तेच डोकं १२० पिक्सेलचं झालं की मिमीला अर्धा पिक्सेल. सांधी, स्क्रू, कोरलेली अक्षरं सगळी गेली. उरतो फक्त काळा आकार आणि त्याची कड. म्हणून आधी १२० पिक्सेलला बघा, मग बारकाव्यात शिरा.

आता डोळ्याच्या आतून बघू. जेन्सनचा गेम बहुतांशी त्याच्याच नजरेतून चालतो, त्यामुळे खेळणाऱ्याला इम्प्लांट (शरीरात बसवलेलं यंत्र) दिसतं ते पडद्यावरच्या आकड्यांच्या रूपात. इथे एक गफलत जवळजवळ सगळेच करतात. दृष्टिपटलावर बसवलेलं चित्र डोळ्याबरोबर फिरतं. कोपऱ्यातला गोळ्यांचा आकडा वाचायला नजर वळवली की आकडाही तेवढाच पुढे पळतो. तो कायम कोपऱ्यातच. आणि डोळा बारीक अक्षर वाचतो ते फक्त मधल्या दोनेक अंशांत, हात लांब केल्यावर अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत. त्याहून वाईट म्हणजे दृष्टिपटलावर एकाच जागी खिळलेलं चित्र काही सेकंदांत विरून जातं. हे १९५०च्या दशकातल्या प्रयोगांपासून माहीत आहे. खरोखर डोळ्यात बसवलेला कोपऱ्यातला आकडा वाचताही येणार नाही आणि टिकणारही नाही.

अंधांना थोडं दिसावं म्हणून डोळ्यात बसवलेल्या खऱ्या यंत्रांनी हा पेच दोन्ही बाजूंनी अनुभवलाय. ‘आर्गस २’ला अमेरिकेत २०१३ साली मान्यता मिळाली. त्याचे ६० इलेक्ट्रोड दृष्टिपटलावर, कॅमेरा चष्म्यावर, प्रोसेसर कमरेला. कॅमेरा डोक्याला बांधलेला, म्हणून बघायला नजर फिरवून उपयोग नाही, मान फिरवावी लागायची. जर्मन ‘आल्फा आयएमएस’मध्ये सुमारे १५०० फोटोडायोडची चिप दृष्टिपटलाखालीच होती, त्यामुळे नजर फिरवली की चित्र फिरायचं, पण विजेची तार खोबणीतून कातडीखालून कानामागे न्यावी लागली. ‘प्रिमा’ची चिप २ मिमी चौरस, ३० मायक्रॉन जाड, ३७८ पिक्सेलची, आणि तिला चित्र आणि वीज दोन्ही पोचतात चष्म्यातून टाकलेल्या अवरक्त प्रकाशाने. तिन्हींत काही ना काही डोळ्याच्या बाहेर आहेच.

म्हणून जेन्सनची काच मला नुसती ऐट वाटत नाही. काच कवटीला बांधलेली आहे, डोळ्याबरोबर फिरत नाही. कोपऱ्यातले आकडे काचेवर ठेवले तर नजर वळवून वाचता येतात. (१४ मिमीवर डोळा फोकस करू शकत नाही, तेव्हा काचेतल्या चित्राचा प्रकाश दीड-दोन मीटरवरून आल्यासारखा वळवावा लागेल; एवढं मानून घेऊ.) तुमच्या नायकासाठी तीन थर वेगळे ठेवा. डोळ्याबरोबर फिरणाऱ्या थरात फक्त नजरेभोवतीची खूण, एखादं वर्तुळ, अक्षरं शून्य. काचेच्या थरात बॅटरी, गोळ्या, नकाशा. जगाला चिकटलेल्या थरात माणसांच्या बाह्यरेषा, दारावरच्या खुणा. भिंतीपलीकडची माणसं दाखवणारी जेन्सनची नजर या जातीची. काच आत गेली की मधला थर गेला पाहिजे. जेन्सनच्या गेममध्ये तो जात नाही, आणि तिथे मला त्यांचं डिझाइन कच्चं वाटतं.

आकड्यांबरोबर अक्षरं आली, आणि इकडचा नायक असेल तर ती देवनागरी आणि कन्नड असणार. इंग्रजीच्या मापाने आखलेल्या चौकटीत दोन्ही मोडतात. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी-रफार, खाली उकार. कन्नडमध्ये ओत्ताक्षर (जोडाक्षरातलं दुसरं व्यंजन) खाली लोंबतं. दोन ओळींमधलं अंतर अक्षराच्या दीडपट धरा, १०८०ला २८ पिक्सेलच्या खाली जाऊ नका. चमक द्यायची तर वजनदार फॉन्ट घ्या. बारीक फॉन्टला ग्लो दिला की ‘घ’ आणि ‘ध’ एकच दिसतात. युनिटी या गेम इंजिनचं टेक्स्टमेशप्रो स्वतःहून जोडाक्षरं जुळवत नाही, पहिली वेलांटी अक्षराच्या नंतर पडते. अनरियल आणि गोडो ४ या इंजिनांत हे नीट होतं. वर कन्नड की वर मराठी हा वाद निदान डोक्याच्या आत तरी नको. सेटिंगमध्ये बटण द्या आणि सुटा.

रंगाबद्दल थोडकंच. काळा-सोनेरी हा या गेमचा ठसा, कला दिग्दर्शक जोनाथन जाक-बेल्तेत यांनी रेनेसाँच्या कल्पनेशी जोडलेला. त्याची नक्कल करताना पोरं दागिन्याचं सोनं लावतात, आणि नायक लग्नाला निघाल्यासारखा दिसतो. पीबीआरमधलं (खऱ्या प्रकाशाच्या नियमाने रंग दाखवण्याची पद्धत) शुद्ध सोनं म्हणजे लाल-हिरवा-निळा रेषीय १.०, ०.७६६, ०.३३६. त्याऐवजी टायटॅनियम नायट्राइड डोळ्यासमोर ठेवा: ड्रिल बिटांवर आणि सीएनसी यंत्राच्या इन्सर्टवर (कापणाऱ्या पात्यावर) दिसतो तो मंद सोनेरी थर. हाच थर शरीरात बसवायच्या धातूंवरही देतात. त्याच्या जोडीचा काळपट जांभळा म्हणजे टायटॅनियम अ‍ॅल्युमिनियम नायट्राइड. उद्यमबागेत कुठल्याही वर्कशॉपच्या टेबलावर दोन्ही सापडतील. एक घासलेलं इन्सर्ट आणा, उन्हात फिरवून फोटो काढा, झीज कुठे पडते ते बघा: थर कडांवरून आधी जातो, मधून नाही.

नायक वेल्डर असेल तर काचेला खरंखुरं काम मिळतं. आपोआप काळी होणारी वेल्डिंगची काच सेकंदाच्या दहा-वीस हजाराव्या भागात ३-४ शेडवरून ११ वर जाते. जेन्सनकडेही डोळे दिपवणाऱ्या स्फोटाला निष्प्रभ करणारं इम्प्लांट आहे. इथे पानं सरकवण्यात वेळ घालवायचा नाही. पानं आधीच बाहेर, फक्त शेड बदलते. एक-दोन फ्रेम पांढऱ्या, मग काळं, मग तीन-चार सेकंदांत हळूहळू उजेड.

शेवटचा थर बिघाडाचा. जेन्सनवर विद्युतचुंबकीय मारा झाला की समोरचे आकडे फाटतात. कथेत एके ठिकाणी सगळ्यांना नवी चिप बसवून घ्यायला सांगतात. खेळणाऱ्याने ती घेतली तर पुढे एका लढतीत पडदा खरखरतो आणि इम्प्लांट साथ सोडतात. बिघाड थराथराने दाखवा: आधी जगाचा थर घसरतो, मग काचेचे आकडे गोठतात, नजरेची खूण सर्वांत शेवटी. आणि अक्षरं विसकटायची असतील तर युनिकोडचे तुकडे उलटसुलट करू नका. सुटी पडलेली वेलांटी तुटक वर्तुळावर बसून दिसते, आणि खेळणाऱ्याला वाटतं फॉन्ट बसलेला नाही. ‘क्षे’, ‘त्रा’, ‘र्धि’ असं अख्खं अक्षर एक घटक धरून अदलाबदल करा.